एकाच नंबरच्या मुली

मी नोकरीला लागले त्या दिवशी, अकरा वाजायच्या आत, महानंदा सिस्टरांनी एका माणसाला चपलेनं मारलं.

आरोग्य केंद्राच्या कोपऱ्यात माझं टेबल होतं. कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत मी बसले होते. बाहेर बायकांची रांग होती. ती मोडून एक माणूस बायकोचा दंड धरून तिला ओढत आत आला. मुलगी असेल अठराएक वर्षांची. तो म्हणाला, "हिला ते तांबी का काय बसवलंय, ते काढा. आत्ताच्या आत्ता."

"तिला विचारते," सिस्टर म्हणाल्या.

"तिला काय विचारायचं?" असं म्हणून त्यानं बायकोच्या डोक्यात मागून एक टोला दिला. अगदी सहज, टेबलावरची माशी हाकलावी तसा.

सिस्टर खाली वाकल्या. मला वाटलं, त्यांचं काही पडलं. त्या चप्पल काढत होत्या. दोन तडाखे खांद्यावर बसले, तिसरा तोंडावर. तो इतका चकित झाला की हात वर करायचंही विसरला आणि उलटा चालत पायरीवरून उतरला. सिस्टरांनी चप्पल पायात घातली, नळावर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, कारण पुढचं बाळ लसीला आलं होतं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "काय बघतीस? रजिस्टरात लिही. पतीस सल्ला दिला."

मी लिहिलं. नंतर दीड वर्षात ‘सल्ला दिला’ हे मी बऱ्याच वेळा लिहिलं.

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात आमचं केंद्र होतं. कुंभारीकडच्या कामगार वसाहतीही आमच्याकडंच होत्या. बहुतेक घरांत नवरा मागावर आणि बायका बिड्या वळायला. सिस्टर मूळच्या दुधनीच्या. मराठी बोलता बोलता रागाच्या टोकाला त्या कन्नडमध्ये जायच्या, आणि तिथं पोचल्या की समोरच्यानं पळावं हे सगळ्या गल्ल्यांना माहीत होतं. उंच, रुंद खांद्यांच्या. डाव्या भुवईच्या मधोमध केस नव्हते. जेवणाच्या डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी त्या मोडत नसत, टेबलावर ठेवून मुठीनं फोडत. पहिल्या आठवड्यात त्या आवाजानं मी दर वेळी दचकायचे. मग त्या मुद्दाम आणखी जोरात फोडायला लागल्या.

मला त्या नावानं कधीच हाक मारत नसत. "ए इंग्लिश मीडियम," असंच. त्यात तथ्य होतं. नववीच्या सायन्सच्या पुस्तकात रिप्रॉडक्शनचा जो धडा होता तो आमच्या मिसनी ‘रीड ॲट होम’ म्हणून सोडून दिला होता, आणि घरी तर तो कुणीच वाचत नाही. त्यामुळं मला काही शब्द इंग्रजीत स्पेलिंगसकट यायचे आणि मराठीत उच्चारायचीही लाज वाटायची. एकदा एका मुलीला मी विचारलं, "तुम्ही गर्भनिरोधक साधन वापरता का?" ती माझ्याकडं, मी आयकराची नोटीस वाचून दाखवत असल्यासारखी बघत राहिली.

सिस्टर पलीकडून ओरडल्या, "अगं, पाळणा लांबवायला काय करतीस असं विचारतीय ती!"

मुलगी हसली आणि सगळं सांगायला लागली.

हा पाळणा लांबवण्याचा तीसएक वर्षांचा इतिहास सिस्टरांच्या तोंडून मी जेवणाच्या सुट्टीत ऐकला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक रकाना होता: लाभार्थीनं निवडलेली पद्धत. त्यावर त्या म्हणायच्या, "निवडलेली? कोण निवडतंय? जे लपतंय ते घेत्यात पोरी."

त्या नोकरीला लागल्या तेव्हा गोळ्यांची पाकिटं होती. सोळा-सतरा वर्षांच्या सुना यायच्या, आधीच एक कडेवर. पाकीट घरी सापडलं की मार. मग सिस्टर गोळ्या पाकिटातून काढून कुंकवाच्या करंड्यात घालून द्यायच्या. एका मुलीनं बिडीच्या ओल्या पानांच्या फडक्यात ठेवल्या, त्या विरघळल्या, आणि पान काळं का पडलं म्हणून सासूनं तिला उलथन्यानं डागलं. त्या वर्षी सिस्टरांनी गोळ्या देणं जवळजवळ बंद केलं आणि तांबीकडं वळल्या. तांबी घरात सापडत नाही, अंगात असते. पण नवऱ्यांना तिचाही सुगावा लागायला लागला. एक नवरा मागावरून तसाच उठून आला, हातात मागाचा धोटा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड. तो त्यानं दारातूनच फेकून मारला. भुवई तिथंच फुटली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. टाके घातले. दुसऱ्या दिवशी आले कामाला."

"तक्रार?"

"केली की. फौजदारानं विचारलं, तुमाला दुसऱ्याच्या बायकोत एवढा रस का?" हे सांगताना त्या मोठ्यानं हसल्या आणि भाकरी फोडली.

नंतर आलं तीन महिन्यांचं इंजेक्शन. सिस्टरांच्या मते आख्ख्या नोकरीत सरकारनं एवढीच एक शहाणी गोष्ट पाठवली. घरी काही न्यायचं नाही, अंगात काही दिसत नाही, दंडाला एक टोचणी. एक कार्ड तेवढं मिळायचं, पण ते सिस्टर मुलींना देतच नसत. कपाटात चपलेच्या खोक्यात ठेवायच्या. आणि तारखेची आठवण? त्याची त्यांची रीत होती. ज्या मुलीची तारीख आली तिच्या गल्लीतून त्या स्वतः चालत जायच्या आणि दारात उभं राहून सासूला ओरडून सांगायच्या, "ओ अम्मा, बाळाचं वजन करायचंय, सुनेला पाठवा." बाळ नसलं तर "रक्त तपासायचंय." सासवा खूश. नातवाचं वजन एवढ्या वेळा करणारी सिस्टर त्यांनी पाहिली नव्हती.

आता त्यांच्याकडं दुसऱ्या तऱ्हेच्या मुलीही यायच्या. लग्न न झालेल्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या. तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे, स्कूटी दोन गल्ल्या सोडून लावलेली. त्या बहात्तर तासांची गोळी मेडिकलमधून घ्यायच्या आणि काही बिघडलं तरच आमच्याकडं. एकीनं महिन्यात चार वेळा घेतली होती. पाळीचा पार गोंधळ झालेला. सिस्टर तिला इतक्या बोलल्या की बाहेरच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"फोन हाय, स्कूटी हाय, आणि अक्कल मेडिकलवाल्याकडं ठेवलीस व्हय गं?"

"दुसरं काही घरात ठेवता येत नाही, सिस्टर," ती मुलगी स्कार्फच्या आतून म्हणाली. "दादा बॅग बघतो. फोन पण बघतो. ही एक गोळी तिथंच गिळायची, पाकीट तिथंच टाकायचं. संपलं."

सिस्टरांनी तिच्या पाठीवर धपाटा घातला आणि आत नेलं. ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "बघ. सासूच्या जागी भाऊ आला. बाकी सगळं तसंच."

हे सगळं मी ऐकत होते, समजत होते, आणि तरीही मी ते केलं. ते आता लिहिते.

वरच्या ऑफिसातून आदेश आला की इंजेक्शन घेणाऱ्या सगळ्या मुलींची माहिती कॉम्प्युटरवर पूर्ण हवी. मी रजिस्टर उघडलं. एकेचाळीस मुलींच्या नावापुढं एकच मोबाइल नंबर होता. कॉम्प्युटर एक नंबर दोनदा घेत नव्हता. मला वाटलं, आळस. सिस्टर त्या आठवड्यात दुसऱ्या वॉर्डाच्या मोहिमेवर होत्या, नाहीतर विचारलं असतं. बहुतेक नसतंच विचारलं. मी कुणाला काही विचारत नसे. मी बाळांचं लसीकरणाचं रजिस्टर काढलं. त्यात प्रत्येक आईपुढं नंबर होता. दोन दिवस बसून एकेचाळीस नंबर जुळवले. सगळे रकाने हिरवे झाले. मला फार बरं वाटलं. मग ज्यांच्या तारखा जवळ होत्या त्या सात जणींना गुरुवारी फोन केले. पहिल्या फोनवर बोलायचं ते कागदावरच लिहून घेतलं होतं, अडखळायला नको म्हणून.

अंबिकाचा फोन एका पुरुषानं उचलला. मी म्हटलं, "अंबिकाताईंच्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनची तारीख सोमवारी आहे." त्यानं विचारलं, "कसलं इंजेक्शन, मॅडम?" मी सांगितलं. तो म्हणाला, "हो मॅडम. सांगतो तिला." इतका शांत, इतका अदबीचा आवाज. मी रकान्यात ‘कळवले’ असं टाकलं.

लसीकरणाच्या रजिस्टरमधले नंबर आयांचे नव्हते. बापांचे होते. त्या घरांत एकच फोन असतो आणि तो बाईचा नसतो. आणि रजिस्टरातला तो एकेचाळीस वेळा लिहिलेला नंबर सिस्टरांचा स्वतःचा होता.

अंबिका सतरा वर्षांची होती. आधार कार्डावर एकोणीस. माहेर दुधनीचं, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड. पहिल्या बाळंतपणात तिला एवढा रक्तस्राव झाला होता की रक्ताच्या बाटल्या लावूनही दोन दिवस ती वाचेल असं कुणी म्हणत नव्हतं. डॉक्टरांनी सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं: दोन वर्षं तरी दुसरं मूल नको, ही मरेल. मुलगी झाली होती. सासूला नातू हवा होता. सासू म्हणाली, "माझी सहा बाळंतपणं झाली, मी मेले का?" तेव्हापासून अंबिका तीन महिन्यांनी एकदा बाळाचं वजन करायला यायची. दंड पुढं करताना डोळे मिटून घ्यायची. सिस्टर म्हणायच्या, "आणखी सात इंजेक्शनं. मग मर कुटं मरायचं ते." हे त्यांचं लाडाचं बोलणं.

सोमवारी सिस्टर नेहमीप्रमाणं अंबिकाच्या गल्लीत गेल्या. "ओ अम्मा, बाळाचं वजन करायचंय!"

सासू दारात आली. म्हणाली, "आता फोन करता न्हवं? मग फोनवरच करा की वजन."

सिस्टरांनी तिला बाजूला ढकललं आणि आत गेल्या. अंबिका भिंतीला टेकून बसली होती. उजव्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. कुठल्याशा हाड बसवणाऱ्याकडं नेऊन आणलं होतं. बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. पुढचे दोन दात नव्हते.

त्या परत आल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कुणी पेशंट नव्हतं. त्यांनी विचारलं, "फोन कोण केलं?"

मी उभी राहिले. "मी."

त्यांनी माझ्या कानाखाली मारली. मला आयुष्यात कुणी मारलं नव्हतं, शाळेतही नाही. चष्मा उडून रजिस्टरवर पडला. त्यांनी तो उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या नाकावर परत बसवला.

"आता रडायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "तारीख थोडी पुढं गेली तर चालतं. पण ती आता दाराबाहेर पडणार न्हाय. हितं आणायची कशी, ते सांग."

त्या दिवशी मी जाण्याआधी एकेचाळीस नंबर पुसले. ऑफिसला सांगितलं, सिस्टिममध्ये प्रॉब्लेम आला. बाकीच्या सहा घरांत काय झालं ते मला सगळं माहीत नाही. दोघी नंतर आल्याच नाहीत.

मंगळवारी अंबिकाचा नवरा आणि त्याचा भाऊ केंद्रात आले. नवऱ्याचं नाव मी लिहीत नाही. आल्या आल्या त्यानं दाराची काच फोडली. भावानं माझं टेबल उलथलं. मी कपाट आणि भिंतीच्या मधे शिरले होते.

"फोन कोण केलतं? पोरीचा आवाज होता!"

"मीच केला," सिस्टर म्हणाल्या.

"पोरीचा होता म्हणतो ना!"

"फोनवर माझा आवाज गोड येतो. तुझ्या बापाला विचार."

त्यानं त्यांच्या कानावर बुक्की मारली. सिस्टर वजनकाट्यावर पडल्या आणि काट्यासकट खाली आल्या. मला वाटलं, संपलं. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता, सुया-कात्र्या ठेवायचा. तो त्यांनी आडवा फिरवला. नवऱ्याचा कान फाटला. कान फाटल्यावर इतकं रक्त येतं हे मला माहीत नव्हतं. भाऊ पुढं आला तर त्याच्या गुडघ्यावर. रांगेतल्या बायकांनी तोवर बाहेरून विटा उचलल्या होत्या. दोघं पळाले. जाताना नवरा ओरडला, "तिला तर आता बघतोच!"

तेवढ्यानं सिस्टरांचा चेहरा उतरला. मार खाऊन उतरला नव्हता. त्या खाली बसल्या, कानाला पदर लावून. "घरात तिचे आणखी हाल करतील," म्हणाल्या. मी कपाटामागून बाहेर आले आणि काचा गोळा करायला लागले. फोन कुणी केला हे मी त्या दोघांसमोर बोलले नाही, हे सिस्टरांनी कधी काढलं नाही.

पोलिसांत त्या गेल्या. एक हवालदार वही घेऊन अंबिकाच्या घरी गेला. सासूचा हात सुनेच्या खांद्यावर होता. अंबिका म्हणाली, "घसरून पडले." वय? "एकोणीस." हवालदारानं वही मिटली.

मग सिस्टर पुन्हा सासूकडं गेल्या. या वेळी अगदी नरम, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून. मी पलीकडच्या दारात होते. त्या म्हणाल्या, "अम्मा, तुमचं घर, तुमची सून. मला काय करायचंय. पण बोटं निळी पडलीत. प्लास्टर न्हाय घातलं तर हात कापत्यात. उजवा हाय. मग बिड्या कोण वळणार, तुमी?"

सासू तिसऱ्या दिवशी तिला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात हजर झाली.

प्लास्टरच्या खोलीत सिस्टर आणि मी आधीच उभ्या होतो. तिथला प्लास्टर घालणारा त्यांच्या ओळखीचा, त्यानंच फोन करून कळवलं होतं. सासू स्टुलावर, अंबिकाला चिकटून. सिस्टरांच्या हातात सिरिंज भरलेली होती, सासूला सांगितलं होतं, दुखणं थांबायचं इंजेक्शन. पण त्यांनी लगेच टोचलं नाही. सासूचं माहेर तेलंगणातलं. तिला तेलुगू आणि मोडकं मराठी यायचं, कन्नड नाही. सिस्टर अंबिकाकडं बघून कन्नडमध्ये म्हणाल्या, "बेकेनु?" हवंय का?

मला राग आला होता. एवढं करून इथं आणलं, आता विचारत काय बसायचं? टोचा की! पण त्या थांबल्या. सुई वर, एक थेंब टोकाला, आणि त्या थांबल्या.

अंबिका तुटलेल्या दातांतून म्हणाली, "बेकु." हवंय.

"काय विचारलं?" सासू म्हणाली.

"दुखतंय का विचारलं."

"मग काय म्हणली?"

"लई दुखतंय म्हणली," सिस्टर म्हणाल्या आणि डाव्या दंडात सुई घातली.

ते तीन महिने गेले. या तीन महिन्यांत अंबिकाला दिवस राहिले नाहीत, आणि घरच्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता, म्हणून ती मार खात होती. आधी इंजेक्शन घेतलं म्हणून, आता इंजेक्शन न घेताही दिवस राहत नाहीत म्हणून. शेजारची एक बिडीवाली येऊन सांगून जायची. तारीख जवळ आली तशी सिस्टरांची भाकरी डब्यात तशीच राहायला लागली. प्लास्टर निघालं होतं. बाहेर काढायला आता कुठलंच निमित्त नव्हतं.

तारखेच्या दिवशी सकाळी त्यांनी मला रिक्षात घातलं आणि गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. "रिक्षा चालू ठेवायला सांग," एवढंच म्हणाल्या. नवरा मागावर होता. सिस्टर गणवेशात, पर्स खांद्याला, अंबिकाच्या घरात शिरल्या आणि दार लागलं. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "ताई, काय भानगड हाय का?" मी म्हटलं, "वजन करायचंय." दुसरं काही तोंडातून आलं नाही.

दहा मिनिटांनी दार उघडलं. पुढं अंबिका, कडेवर मुलगी, पायात काही नाही. मागं सिस्टर. त्यांचा खालचा ओठ फाटला होता आणि पदराचा अर्धा भाग कुणाच्यातरी हातात राहिला होता. सासू मागून ओरडत होती, हातात मुसळ. सिस्टर वळल्या, मुसळ हिसकलं आणि गटारीत फेकलं. मग तिघी रिक्षात बसल्या आणि सिस्टर म्हणाल्या, "एसटी स्टँड."

मला वाटलं होतं, केंद्रात जायचं, इंजेक्शन द्यायचं. पण अंबिकाच दारातून बाहेर पडताना म्हणाली होती, "मला आईकडं सोडा." सिस्टरांनी हे विचारलं नव्हतं, आणि ठरवलंही नव्हतं.

स्टँडवर बाळांना पाजायची एक खोली असते, हिरकणी कक्ष म्हणतात. तिथं आम्ही बसलो. अंबिका मुलीला पाजत होती. सिस्टरांनी पर्समधून बाटली काढली, सिरिंज काढली, ओठाचं रक्त पालथ्या हातानं पुसलं. "दंड कर."

"नको," अंबिका म्हणाली.

"काय नको?"

"इंजेक्शन नको, सिस्टर."

सिस्टर भडकल्या. "अगं ए! त्यो दुधनीला येणार न्हाय व्हय? तुझा बाप तुला आठ दिवसांत परत धाडणार न्हाय व्हय? मी तोंड फोडून घेतलं कशाला मग?"

अंबिका खाली बघत होती. मुलीच्या कानाला लागलेली बिडीची तंबाखू बोटानं काढत होती. म्हणाली, "घेतलं तर मी परत जाणार, असं होतंय. मला न्हाय जायचं परत. मग कशाला घेऊ?"

खोलीत पंखा होता, तो फिरत नव्हता. एवढ्या वर्षांत सिस्टरांना ‘नको’ खूप जणींनी म्हटलं असेल, भीतीनं, मारानं. हे ‘नको’ त्यांना कुठं ठेवावं कळत नव्हतं. मग त्यांनी सुईला टोपण लावलं, बाटली पर्समध्ये टाकली आणि दाराकडं जात म्हणाल्या, "चल. गाडी लागली असंल. मी येते तुझ्यासंगं. तुझ्या बापाला दोन शब्द सांगायचेत."

सासूनं तक्रार दिली, सून पळवून नेली म्हणून. चौकशी लागली. सिस्टर आमच्या केंद्रात परत आल्या नाहीत. त्यांची बदली लांब केम गावाकडं झाली आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. अंबिका दुधनीतच आहे, एवढं मला त्या बिडीवालीकडून कळलं. नवरा दोनदा गेला होता, दोन्ही वेळा तिच्या आईनं दाराला आतून कडी घातली. मी सिस्टरांना भेटायला गेले नाही. जावं असं दर महिन्याला वाटतं.

मला त्या अजून दिसतात, त्या दिवशीच्या दुधनीच्या बसच्या खिडकीत. अंबिका खिडकीशी, सिस्टर शेजारी, मी खाली फलाटावर. कंडक्टर तिकिटं देत होता. तेवढ्यात मोटरसायकल थेट फलाटावर चढली. नवरा उडी मारून खिडकीशी आला आणि हात आत घालून त्यानं अंबिकाची वेणी धरली. तिचं डोकं खिडकीच्या कडेवर आपटलं. मुलगी किंचाळली. लोक बघत होते. मीही बघत होते, हातात सिस्टरांनी द्यायला सांगितलेली पाण्याची बाटली. मग मी ती बाटली त्याच्या पाठीत मारली. ती प्लास्टिकची होती. त्याला कळलंसुद्धा नाही.

सिस्टर अंबिकावरून पुढं वाकल्या आणि त्याच्या मनगटाचा चावा घेतला. दातांनी, कुत्रं धरतं तसा, आणि सोडला नाही. तो बोंबलला, वेणी सुटली, तरी त्यांनी सोडला नाही. ड्रायव्हरनं गाडी हलवली. तो दहा-बारा पावलं बसबरोबर धावला, हात खिडकीत अडकलेला, दुसऱ्या हातानं पत्र्यावर मारत. मग तो खाली बसला, मनगट पोटाशी धरून.

बस वळली. सिस्टरांनी डोकं बाहेर काढलं. हनुवटीवर रक्त होतं. त्यांचं का त्याचं, कळायला मार्ग नव्हता. त्या माझ्याकडं बघून ओरडल्या, "ए इंग्लिश मीडियम! लशीच्या फ्रिजचं तापमान लिहिलंस का न्हाय?"

मी मान हलवली. लिहिलं नव्हतं.

"जा मग! बघत काय उभी राह्यलीस?"